जादा साडी

चैत्रात पुण्याला जायचं म्हणजे कपड्यांचा वैताग. दुपारी पातळ सुती साडीही अंगावर नकोशी होते, संध्याकाळी वळीव गारांसकट कोसळतो आणि पहाटे स्वेटर शोधावा लागतो. त्यात मी निघाले होते पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनला. तिथं दवाखान्याचाच झगा घालतात, मग एवढं ओझं कशाला, असं मी म्हणत होते. लेक ऐकेना. ती बॅग भरायची, मी त्यातलं काढायची. छत्रीवरून तर आमचं चांगलंच वाजलं. खरं तर दोघींनाही भीती ऑपरेशनची होती, पण भांडायला छत्री बरी होती. डॉक्टरांशी तीच बोलायची आणि मी विचारलं की साधं ऑपरेशन आहे, एवढंच सांगायची.

निघायच्या सकाळी धाकटा भाऊ गगनबावड्याहून पहिल्या एसटीनं आला. हा गडी भाऊबिजेलासुद्धा चार फोन केल्याशिवाय यायचा नाही. कधी जनावरं, कधी पाऊस, काही ना काही कारण असायचंच. आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, म्हणून मी चेष्टा केली. तो हसला नाही. आमचे मालक गाडी ठरवायला बाहेर गेले होते. चहाला हातही न लावता भावानं पिशवीतून काठपदराची हिरवी साडी काढली आणि माझ्याकडं न बघता लेकीच्या हातात दिली.

"हवा लई बेकार हाय, आक्का. असू दे एखादी जादा."

लेकीनं ती पार तळाला सारली. चांगली जड साडी होती, दवाखान्यात नेसायची नव्हेच.

आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. गगनबावड्याहून पुणं लांब. आयत्या वेळी पोचायचं कसं, हा विचार त्यानं केला असणार आणि तो करावा लागेल असं काहीतरी लेकीनं त्याला फोनवर सांगितलं असणार. मला आधी संतापच आला. माझ्या जिवाचं मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्याच्याकडं पाहिलं. तो उंबऱ्यापाशी उभा राहून चप्पल घालायला बघत होता आणि ती काही त्याच्या पायात जाईना. रागवायचं तरी कुणावर?

लेक बॅगेची चेन ओढायला लागली. मी तिचा हात धरला.

"ती साडी वर ठेव," मी म्हटलं. "त्या वेळी तुला शोधत बसाय नको."

ती तिथंच खाली बसली आणि बॅगेवर डोकं ठेवून रडायला लागली.