घ्या म्हणून टाकणारी

"घ्या," असं म्हटल्याशिवाय तिच्या हातून चेंडू सुटायचाच नाही. बास्केटबॉलमध्ये आपण चेंडू कधी टाकणार हे समोरच्यांना कळू द्यायचं नसतं, एवढं तुम्हाआम्हालाही समजतं. ती मात्र भर सामन्यात खणखणीत आवाजात आधी वर्दी द्यायची आणि मग टाकायची.

मी तळेगावची, ती कुरवंड्याची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या एकाच कॉलेजात, एकाच वसतिगृहात आणि एकाच संघात आम्ही होतो. मला संघात घेतलं ते उंचीमुळे. तिला घेतलं ते नेमामुळे, कारण उंची तिच्याकडे औषधालाही नव्हती.

हा नेम आला कुठून, ते मला तिच्या घरी गेल्यावर उमगलं. भात कापला की पेंढ्या खळ्यावर आणून त्यांची उडवी, म्हणजे उंच रास, रचतात. उडवी डोक्याच्या वर गेली की एकजण तिच्यावर उभा राहतो आणि दुसरा खालून पेंढ्या फेकतो. वरच्याचं लक्ष रचण्यात असतं, म्हणून फेकणाऱ्याने आधी "घ्या" म्हणायचं. वर तिचे वडील, म्हणजे आबा, आणि खाली ही; लहानपणापासून हेच. आबा मागे न बघता हात पसरायचे आणि पेंढी बरोबर हातात पडायची. मीही एक फेकून पाहिली. ती म्हशीला मिळाली.

आमच्या खेळाच्या बाई कडक. "घ्या" ऐकलं की त्यांचं पित्त खवळायचं. एकदा त्यांनी तिला तोंडात खडीसाखर धरून खेळायला लावलं. तिने खडीसाखर कडाकडा चावली आणि "घ्या" म्हणाली. शेवटी बाईंनी निर्वाणीचं सांगितलं की लोणावळ्याच्या अंतिम सामन्यात तोंड उघडलं तर संघातून नाव कमी. ते तिला परवडणारं नव्हतं. तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं आणि आबांनी तिला पुण्यात ठेवलं होतं ते संघात आहे तोवरच. संघ सुटला की घरी यायचं, खळ्यावर माणूस कमी पडतं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

सामना बघायला आबा कुरवंड्याहून चालत आले. धुतलेली टोपी घालून पुढच्या बाकावर बसले. पहिल्या अर्ध्यात ती ओठ मिटून खेळली आणि तिचा एकही चेंडू जाळीत गेला नाही. एक तर मैदानाबाहेरच्या करवंदीत पडला आणि तो शोधायला खेळ थांबवावा लागला. मध्यंतरात ती माझ्याशेजारी बसली तेव्हा रडवेली झाली होती.

"गप राहून मला टाकताच येत न्हाई गं," ती म्हणाली. "जाऊंदे नाव."

दुसऱ्या अर्ध्यात पहिल्याच "घ्या"ला चेंडू जाळीत. आणि गंमत बघा, तिकडे बाकावर आबांनी सवयीने दोन्ही हात वर केले. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आबांच्या आजूबाजूचे लोकही हात वर करायला लागले. बाई सोडून सगळं मैदान खूश होतं.

पण समोरच्या मुली काही दूधखुळ्या नव्हत्या. "घ्या" ऐकलं की दोघी उडी मारून चेंडू अडवू लागल्या. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. ती म्हणाली, "घ्या." दोघी उडाल्या. तिने चेंडू टाकलाच नाही, खालून मला दिला. मी रिंगखाली मोकळीच उभी होते. मी तो जाळीत घातला आणि आम्ही जिंकलो.

बाईंनी तिला मिठीच मारली. नाव कमी करायची गोष्ट त्या विसरूनच गेल्या, उलट ही युक्ती आता दर सामन्यात करायची असं त्यांनी ठरवूनही टाकलं. आबांचे हात मात्र अजून वरच होते. ते हळूहळू खाली आले आणि आबा उठून आमच्याजवळ आले.

"घ्या म्हनलीस आन टाकलं न्हाईस," ते म्हणाले. "मी वर असतो तर पडलो असतो की."

ती हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने बाईंना सांगितलं की हवं तर नाव कमी करा, पण "घ्या" म्हणून फसवणं पुन्हा होणार नाही. बाई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांनीच विचारलं की मुली चेंडू अडवतात त्याचं काय करणार?

"उडवी उंच झाली की पेंढी उंच टाकायची," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

तेव्हापासून तिचा चेंडू असा वर जायचा की उडी मारलेल्या मुली खाली येऊन वेणी सारखी करायच्या, तरी तो वरच. पुढची दोन वर्षं ती सांगून टाकत राहिली आणि समोरच्या बघत राहिल्या. नोकरीसाठी तिची शिफारस बाईंनी आपणहून लिहून दिली.

नोकरी लागली ती थेट विदर्भातल्या एका शाळेत. लोणावळ्याला गाडीत बसवायला आबा आले होते.

त्या वर्षी भातकापणी झाल्यावर मी कुरवंड्याला गेले. आबा उडवीवर होते. खालून एक रोजावरचा गडी मुकाट्याने पेंढ्या फेकत होता. एक आबांच्या पाठीत बसली आणि त्यांची टोपी खाली पडली. मी ती उचलून वर दिली.

"न सांगता टाकत्यात गं आता," आबा म्हणाले.

मी पदर खोचला आणि पेंढी उचलली. माझा नेम कसा आहे ते म्हशीला ठाऊक होतं, तरी म्हटलं, "घ्या, आबा."

आबांनी मागे न बघता हात पसरले. पेंढी कशीबशी त्यांच्या हातात पडली. ती त्यांनी लगेच रचली नाही. तशीच धरून उभे राहिले.