रबराला तेल चालत नाही

आमच्या सौंसरकडं संत्र्याच्या सालीवर लोकांचा फार विश्वास. हाताला ग्रीस लागलं, साल चोळा. डब्यावरचं लेबल निघत नाही, साल चोळा. माझी आई तर टिकलीचा डिंक कपाळावर राहिला तरी साल शोधायची. मी आयटीआय करून फिटर झालो, बोरगावजवळच्या रसाच्या कारखान्यात लागलो, तरी डोक्यातली साल काही गेली नाही. त्यापायी एका बाईचं वाटोळं झालं. झालं म्हणतो, पण केलं मी.

कारखान्यात रस गरम करायचं एक मशीन होतं. स्टीलच्या पातळ पत्र्यांची चळत. पत्र्याच्या एका अंगानं गरम पाणी, दुसऱ्या अंगानं रस. समोर जाड लोखंडी ठोकळा आणि त्याला चार तोंडं. पाणी आणि रस तिथूनच आत-बाहेर करायचे. प्रत्येक तोंडात रबराचं अस्तर बसवलेलं असायचं, कॉलर असलेलं. रस लोखंडाला लागू नये आणि सांध्यातून थेंब गळू नये, एवढंच त्याचं काम. पण ते नीट बसलं नाही तर मशीन चालवायची सोय नाही.

हे मशीन धुवायला एक बाई होती, ठेक्यावर, सीजनपुरती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. मी तिला अगं-तुगं करायचो आणि ती मला ‘भाऊ, तुमी’ म्हणायची. चार सीजन तिनं त्या मशीनचा एकेक पत्रा पुसला होता. नुसतं बोट फिरवून सांगायची, हे रबर कडक झालं, हे बदला. तिचं बरोबर निघायचं आणि मला त्याचा राग यायचा. त्या वर्षी मशीनवर एक माणूस कायमचा घेणार होते, बारा महिन्यांच्या कामावर. तिला ती जागा हवी होती. ती उघडच सांगायची, “भाऊ, सीजन सरला का घरी बसा लागते. मशीनीवर लागली तं माह्या जिवाले थारा भेटन.” निर्णय साहेबांचा, पण ते विचारणार मला. माझं तिच्याबद्दलचं मत चांगलंच होतं. फक्त ते मी कधी कोणाला सांगितलं नाही.

मृग बहाराचा माल जोरात होता आणि रस विकत घेणारी मंडळी कारखाना पाहायला येणार होती. मशीन लख्ख दिसलं पाहिजे, साहेबांनी फर्मान काढलं. अस्तरांवर रसाची काळी खपली बसली होती. आधी मी तिला सोड्याच्या पाण्यानं धुवायला सांगितलं. दिवसभर घासून तिची नखं झिजली, खपली हलेना. मला घरी जायची घाई. म्हणालो, “हात कायले तोडते? सालीचं तेल आन, बादलीत भिजत घालून ठेव. सकाळी आपोआप निघते.” सालीचं तेल आमच्याच कारखान्यात निघायचं, ड्रमचे ड्रम.

सकाळी खपली खरंच निघाली होती. रबर काळं कुळकुळीत. ती मात्र अस्तर हातात धरून उभी होती.

“भाऊ, हे फुगलं वाटते. काल सहज बसत होतं, आज तोंडात जाऊनच नाई राहिलं.”

“तू मले शिकवशील का आता?”

हातोडीच्या दांड्यानं ठोकून मी चारही अस्तरं बसवली. चौथ्याची कॉलर दुमडली, ते मला दिसलं. पाहुणे फाटकाशी आले होते. मी नट आवळले, मशीन चालू केलं आणि तिला तिथंच उभं केलं, थेंब दिसला तर सांग म्हणून.

थेंब कसला! गरम पाण्याची चिळकांडी उडाली ती सरळ तिच्या डाव्या हातावर. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली. ती ओरडली, पाहुणे मागे सरले. मला पहिला विचार तिच्या हाताचा आला नाही. साहेब माझ्याकडे पाहतात का, ते मी पाहत होतो.

दोन दिवसांनी नागपूरहून मशीनचा कारागीर आला. त्यानं अस्तर नाकाला लावलं आणि हसला. “संत्र्याचा कारखाना अन् तुमाले एवढं मालूम नाई? हे गरम पाण्याचं रबर हाय. याले तेल चालत नाई, फुगते.” मला मालूम असायला हवं होतं. याच मशीनसाठी मला नागपूरला दोन दिवस शिकायला पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात नव्हतो, इतवारीत बायकोसाठी साडी पाहत होतो.

साहेबांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. “तेल कोणी लावलं?”

ती हाताला पट्टी बांधून उभी होती. “मी लावलं, साहेब,” म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. आता मी पुढचं बोलेन, याची वाट पाहत होती. मी बोललो.

“मी हिला सोड्यानं धुवायला सांगितलं होतं.” यात एक अक्षर खोटं नव्हतं.

ती म्हणाली, “हो जी. भाऊनं सोड्याचंच सांगतलं होतं. पयले.”

त्या शेवटच्या शब्दाकडे कोणी लक्ष दिलं नाही. ती बौद्ध वस्तीतली, मी बागवाल्या घरचा. खरं कोण बोलतं हे ठरवायला साहेबांना वेळ लागला नाही. तसं कोणी म्हणालं नाही आणि म्हणावं लागलंही नाही. तिला त्याच दिवशी काढलं. बाहेर आल्यावर मी हळूच म्हणालो, “सध्या गप राह्य. साहेब थंडे झाले का मी बोलतो.” तिनं मान डोलावली. बोलायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. करून सवरून नामानिराळा राहिलो आणि पुढच्या महिन्यात सुपरवायझर झालो.

उन्हाळ्यात पांढुर्ण्याच्या एका कारखान्यातून फोन आला. तिथंही तसलंच मशीन, आणि तिनं ओळखीसाठी माझं नाव दिलेलं. “बाई म्हणते, मशीनीचं सारं काम येते. घेऊ का?” हो म्हटलं असतं तर माझं काही जात नव्हतं. पण तिथं तिचा हात चालला असता, तर कोणीतरी विचारलंच असतं, मग तिकडून काऊन काढलं? आणि तिनं सांगितलं असतं. मी म्हणालो, “बाई गरीब हाय, ठेवा. पण रबराले हात लावू देऊ नका. घात करते.”

‘घात करते’ म्हणताना मला बरं वाटलं. नुसत्या भीतीनं बोललो असतो तर आज स्वतःला थोडी तरी माफी दिली असती.

दिवाळीच्या आसपास ती मला सौंसरच्या बसस्टँडवर दिसली, पांढुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत. मी तोंड चुकवत होतो, तिनंच हाक मारली. हात बरा झाला होता, पण कातडी आकसलेली आणि पांढरट. “भाऊ, तुमचे लय उपकार. तुमी फोनवर सांगतलं म्हणून ठेवलं त्याईनं मले.”

झाडझुडीला ठेवलं होतं. सकाळी आवार झाडायचं, दुपारी सालींचे ढीग उचलायचे.

“पण मशीनीपाशी जाऊ नाई देत. दोनदा इचारलं मी. माह्यात काही कमी हाय का, भाऊ? तुमी तं चार सीजन माहं काम पाह्यलं. खरं सांगा.”

एवढ्या माणसांतून हे विचारायला तिनं मला निवडलं होतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं, ऐकणारं कोणी नव्हतं. गाडी आत वळत होती.

“तुह्या हाताले अंदाज नाई, बाई,” मी म्हणालो. “रबराचं काम नाजूक असते. झाडझूडच बरी तुले.”

तिनं भाजलेला हात उलटासुलटा करून पाहिला. “असन,” म्हणाली. तिला ते पटलं.