पांढरा ठिपका

आईला नाही, नवऱ्याला नाही, ज्यांनी मला रायफल धरायला शिकवलं त्या सरांना तर नाहीच — तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आधीच बजावते, रडारड होणार नाही. ज्याला ती हवी असेल त्याने दुसरं काही वाचावं.

लोक विचारतात, नेमबाजीत सगळ्यात अवघड काय? श्वास, मी म्हणते. छाती रिकामी करायची आणि थांबायचं. मग म्हणते, बोट — ट्रिगर ओढायचा नाही, दाबत न्यायचा, इतका हळू की गोळी सुटल्याचं आपल्यालाच नवल वाटावं. दोन्ही खरं आहे. पण त्याहून अवघड एक आहे, ते सांगायचं मी टाळते. गोळी सुटली की कागदाकडे बघायच्या आधी सांगायचं, कुठे लागली ते. मधे, की उजवीकडे, की खाली? आमचे सर त्याला 'बोल' म्हणायचे. बोल खरा यायला लागला की नेमबाज तयार झाला समजायचं.

जमनाचा बोल खरा यायचा. माझा नाही.

ती तलासरीकडच्या वारली पाड्यावरची, आशागडला वसतिगृहात राहायची. मी डहाणूची, आमची चिकूची वाडी. दोघी अकरावीत. आमच्याच वाडीतल्या चिकू भरायच्या शेडमध्ये सरांनी दहा मीटर आखून दिले होते. शेड आमची, छर्ऱ्याची रायफल सरांची — आणि ती एकच.

डोळा आणि गाल प्रत्येकीचा वेगळा, म्हणून नेम धरायच्या साइटचा नॉबही प्रत्येकीसाठी वेगळा फिरवावा लागतो. माझ्या जागेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, तिच्या जागेवर व्हाइटनरचा. रिवाज असा — आपलं झालं की नॉब दुसरीच्या ठिपक्यावर आणायचा आणि मगच रायफल तिच्या हातात द्यायची. पाहुण्याला पेला भरूनच देतो ना, तसं. घेणारीने तपासायचं नाही. तपासणं म्हणजे अविश्वास, आणि आम्ही मैत्रिणी होतो. छर्रे मोजके, त्यामुळे आधी चाचणीला मारायची सोय नव्हती. पहिलीच गोळी गुणांत धरली जायची.

२०१४ साली पुण्याच्या शिबिराला एक जागा मिळाली. एकच. निवड शेडमध्येच झाली. आधी मी मारली — बरी मारली, त्याहून जास्त नाही. जमनाने नेहमीसारखी मारली असती तरी जागा तिची होती. मी रायफल तिच्या हातात दिली. नॉब लाल ठिपक्यावर होता.

विसरले, असं मी स्वतःला किती वर्षं ऐकवलं. घाई होती, हात घामेजले होते — काय काय.

जमनाने पहिली मारली. "मधे," म्हणाली. लागली उजवीकडे. दुसरी. "मधे." पुन्हा उजवीकडे. आपली चूक रायफलवर ढकलू नये म्हणून फेरी चालू असताना नॉबला हात लावायची सरांची बंदी होती. ते म्हणाले, तुझं बोट झटका देतंय, आणि वर तू खोटं बोलतेस. मग तिने बोट आणखी हळू केलं. श्वास पुरेना. शेवटी तिने बोलणंच सोडलं.

तिचे ते सगळे बोल खरे होते. त्या शेडमध्ये हे एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस खोक्यांना टेकून गप्प उभं होतं. नंतर रायफल पुसायला मीच पुढे होऊन घेतली, आणि फडक्याआड नॉब पांढऱ्या ठिपक्यावर आणून ठेवला. विसरलेली माणसं असं करतात?

का केलं? जळत होते म्हणून. शेड आमची, दुपारचा चहा आमच्या घरचा, आणि बोल तिचा खरा — मला ते सोसलं नाही. लहान होतीस, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही. जागा घेतली, शिबिरात घाम गाळला, श्वास शिकले, बोट शिकले. आज त्याच शेडमध्ये मुलांना शिकवते आणि चांगलं शिकवते. कोणी येऊन खोट काढून दाखवावी. ते मी चोरलेलं नाही. जागा चोरली.

जमनाने त्यानंतर रायफल हातात धरली नाही.

२०१९ मध्ये ती मला चारोटी नाक्यावर भेटली. मी बसची वाट बघत होते, ती समोरच्या टपरीवरून आली, कडेवर मुलगी. पेपरात तुझं नाव वाचलं, म्हणाली, आणि खरंच खूश होती. मग उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे धरून हसली. "हे बोटच खोटं निघालं ना माझं. नाहीतर तुला काय जाऊ देत होते मी?"

सांगता आलं असतं. बस अजून आली नव्हती.

मी तिच्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "हो गं. बोटानेच घात केला तुझा."

तेव्हा मी लहान नव्हते.