दोन घरांत राहिलेला गेम

मंडळी, आज श्रीरामपूरला चुलतभाऊ सचिनकडे व्हिडिओ गेम खेळायला निघालो होतो.

नव्वदच्या दशकात आमचा आवडता उड्या मारायचा गेम दोन भागांत आला. पहिली कॅसेट त्याच्याकडे, दुसरी माझ्याकडे. एकीवर एक बसवली की पूर्ण गेम चालायचा. मग दोघांच्या वडिलांत वाटणीवरून भांडण झालं आणि कॅसेटी आपापल्या घरी राहिल्या.

परवा दवाखान्यातून सचिनचा फोन आला. "डॉक्टर घरी न्या म्हनले. तुझी कॅसेट हाय ना अजून? ये खेळायला."

आज पोहोचलो तर दारात माणसं बसलेली. मी एसटीत असतानाच तो गेला होता. आत टीव्हीला गेम जोडून ठेवलेला होता.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, आता हे कोनी खेळायचं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?