कंट्रोल-झेड आणि देवापुढची पत्रिका

माझ्या भागीदाराने मला फसवलं. आमचं कोर्टाजवळचं टायपिंगचं दुकान सोडताना त्याने मला कॉम्प्युटर विकला, आणि त्यात माझ्या जिवंत बापाला मारून ठेवलं.

मी भाव पाडून घेतला, हे खरं. जाताना म्हणाला, "तू सोत्ताच्या बापाचाबी भाव पाडशील." मी हसलो.

कोर्टाच्या कागदांत तीच ती वाक्यं येतात. म्हणून त्याने मशीनमध्ये सोय केली होती: आपण थोडी अक्षरं मारायची, बाकीचं मशीन लिहितं. नको तिथे बदल झाला तर लगेच कंट्रोल धरून झेड दाबायचं, तो मागे जातो. असल्या युक्त्या माझा मीच शिकलो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बहिणीचं लग्न ठरलं. लग्नपत्रिका मीच टाइप केली. आमच्यात पहिली पत्रिका हळदकुंकू लावून जोतिबापुढे ठेवतात, मगच पावण्यांना वाटतात. रविवारी आबा, माझे वडील, मुरगूडहून त्यासाठीच आले. प्रिंटरमधून पहिली प्रत निघाली तेव्हा मी फोनवर कागदवाल्याशी दरावरून भांडत होतो. आबांनी ती उचलली, वाचली, घडी करून खिशात घातली आणि एसटीने जोतिबाच्या डोंगरावर गेले.

फोन ठेवून पडद्याकडे बघितलं. 'यांची कन्या'च्या ओळीत आबांच्या नावाआधी 'कै.' होतं. कंट्रोल-झेड दाबलं, गेलं. नाव पुन्हा टाइप करून स्पेस दिली, पुन्हा आलं. काकांचं नाव टाइप केलं, काही नाही. आबांचं केलं, आलं. भर दुपारी रस्त्यावर गर्दी होती, तरी मी खुर्ची मागे सरकवली. मग आपोआप लिहिण्याच्या सोयीच्या यादीतून ती नोंद शोधून पुसली.

आबा कपाळाला गुलाल लावून परतले.

"आबा, चूक झाली. दुसरी पत्रिका ठेवून येऊ."

"देवाला सांगायचं ते सांगून झालं."

"अवो, मशीनची चूक हाय."

"मग मशीनलाच इचार की, मी कवा गेलो."

रागावले नव्हते. लग्नात ते मांडवाबाहेर उभे राहिले; मी पाया पडलो, ओरडलो, तरी आत आले नाहीत. कन्यादान काकांनी केलं. पुढे घरी जेवायला बसले की आईला सांगायचे, "आधी कावळ्याला घास ठेव. तो शिवला की मी जेवतो." आई रडत ठेवायची. कावळा कधी खोळंबला नाही. घास ठेवून तिचा हात मागे यायच्या आत कौलावरून उतरायचा.

भागीदार लक्ष्मीपुरीच्या बाजारात भेटला. मी कॉलर धरली.

"मी न्हाय केलं," म्हणाला. "मशीन देताना सगळं पुसून दिलतं."

खोटं. कोर्टाची वाक्यं अजून तशीच उमटतात. आणि खरं असेल, तर मग ते नाव कुणी भरलं? आबा अजून मुरगुडात ओसरीवर बसलेले असतात. ज्याने केलं त्याने तिथे यावं आणि त्यांच्या तोंडावर सांगावं, हे मी केलं, का केलं. मला दुसरं काही नको.