सायकलवरची सलामी

सैन्यात माझ्याकडे सायकल होती. काळी, जड, दांड्याला रायफल अडकवण्याची सोय असलेली. तळावरून पुढच्या चौक्यांपर्यंत निरोप पोहोचवणे हे आम्हा दोघा सायकलस्वारांचे काम. दुसरा नामपूरचा. एकाहत्तरच्या युद्धात तो गेला. मी निवृत्त होऊन नाशकात आलो.

सायकलवरचा शिपाई सलामीसाठी हात उचलत नाही. दोन्ही हात हँडलवर ताठ करतो आणि मान अधिकाऱ्याकडे वळवतो. तो गेला त्या संध्याकाळी आम्ही दोघे निरोप घेऊन निघालो होतो, तेव्हा समोरून अधिकाऱ्याची जीप आली. रस्ता तोफगोळ्यांनी उखडलेला होता. तिथे सलामीची अपेक्षा कोणी करत नसे. नामपूरच्याने मात्र सवयीने मान वळवली आणि तो सायकलसह खड्ड्यात गेला. डोके दगडावर आदळले. जागीच संपला. त्याच्या खांद्यावरची निरोपाची थैली घेऊन मी पुढे गेलो. निरोप वेळेत पोहोचला.

हे मी एकाच माणसाला सांगितले होते. तो आमच्याच पलटणीतला, कोठारावर नेमलेला. पुढे तोही नाशकात, गंगापूर रोडला स्थायिक झाला. नव्वदच्या दशकात तिथल्या एका शाळेने प्रजासत्ताक दिनी आम्हा दोघांना बोलावले. मला भाषण जमत नाही, त्याला जमते. नामपूरहून मृताची थोरली बहीण मुद्दाम येणार होती. भाऊ कसा गेला, हे तिला कोणी धडपणे कळवले नव्हते. जसे घडले तसे सांग, असे मी त्याला बजावले. त्याने शब्द दिला.

व्यासपीठावर तो वेगळेच बोलला. त्याच्या सांगण्यात गोळीबारात सायकलवर तो स्वतः निघाला, एकटा, आणि निरोप पोहोचवून आला. नामपूरचा कोणी त्यात नव्हताच. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

मी त्याला बाजूला घेऊन जाब विचारला.

"खड्ड्यात पडून मेला, हे पोरांना सांगू? हसली असती. अब्रू राखली मी त्याची."

"सायकलवर तू कधी बसलास?"

"तू तरी कुठे बोलणार होतास?" तो म्हणाला आणि मुख्याध्यापकांकडे वळला.

बहीण मंडपाच्या कडेला थांबली होती. भाषणात आपला भाऊ कुठेच न आल्याने तिने अहिराणीत मला विचारले, "मना भाऊ कोठे व्हता?"

मी तिला बाकावर बसवून सगळे सांगितले. खड्डा वगळला नाही. साहेबाने सलामी पाहिली का, एवढेच तिने विचारले. जीप थांबली नव्हती. तेही सांगितले.

तिला नामपूरच्या गाडीत बसवून घरी आलो, तोच त्याचा फोन आला. जेवायला बोलावत होता. पुन्हा फोन करू नकोस, एवढे बोलून मी रिसीव्हर ठेवला.