महाडच्या सभेत पाऱ्याचा पहारा

महाडला जायचं आमच्या प्रोफेसरांनी परस्पर ठरवलं. मला फक्त खोकी बांधायला सांगितली. विजेचे कण पळवणारी काचेची नळी दाखवून महाडकरांचं अज्ञान घालवायचं होतं. महाडकरांची काही तक्रार नव्हती.

या नळीतली हवा पंपाने जवळजवळ सगळी काढून टाकावी लागते. वीज चालू असताना हवा आत शिरली की आतला पत्रा जळतो, काच तडकते. म्हणून मी नळीवर पाऱ्याचा पहारा बसवला होता. हवा शिरली की पारा खाली उतरतो आणि वीज आपोआप तुटते. प्रोफेसर त्याला भित्र्याचं खेळणं म्हणत. महाडला नीट चालला तर ठेवू, नाहीतर काढून फेकू, असा त्यांचा हुकूम होता.

बाणकोटपर्यंत बोट, पुढे सावित्री नदीतून लाँच. जाणाऱ्याने भरतीची वेळ विचारून घ्यावी. आम्ही विचारली नाही, कारण प्रोफेसरांना सगळं ठाऊक असतं; मग बसलो चिखलात रुतून. दासगावला चहा म्हणून जे देतात ते पिऊ नये, तांदळाची भाकरी नि सुकट मात्र जरूर खावी. पुढे बैलगाडी. त्या खड्ड्यांना रस्ता म्हणणाऱ्याचा सत्कारच करायला हवा. नळी मी मांडीवर धरून बसलो.

आमचे यजमान दामूशेठ, भाताचे व्यापारी. पूजेशिवाय त्यांच्याकडे नवं यंत्र चालू होत नाही. कापडे गावाहून आलेल्या त्यांच्या आत्याने नळीला हळदकुंकू वाहिलं आणि पेटती समई थेट सांध्याला लावून ठेवली. सांधा मेणाचा! आत्या, जरा लांब ठेवा, म्हणून मी समई सरकवली. तिने ती परत होती तिथे आणली.

"देव हितं नि दिवा तितं? असं नाय चालत, बाबा."

प्रोफेसर हार घालून घेण्यात दंग होते. त्यांनी कळ दाबली, नळी क्षणभर हिरवी झाली, पारा उतरला आणि सगळं विझलं. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मेण पाघळून हवा आत शिरत होती. सभा फिदीफिदी हसली नि पोह्यांकडे वळली. दुसऱ्या दिवशी पोलादपूरला ठरलेला कार्यक्रम तिथल्या तिथे रद्द झाला. मी मनातून खूश होतो, नळी वाचली होती.

परत आल्यावर प्रयोगशाळेत खोकी उघडली. समई हलल्यावर मेण गार होऊन पुन्हा घट्ट बसलं होतं. हवा काढून वीज दिली तर नळी झकास उजळली. प्रोफेसरांनी ती चहूबाजूंनी निरखली.

"नळीला तर काहीच झालेलं नाही."

"पहाऱ्यामुळे, सर."

"म्हणजे हवा शिरलीच नव्हती. तुमच्या खेळण्याने चारचौघांत माझी फजिती केली. काढा ते."

मेणाचं सांगू लागलो, तोवर ते निघूनही गेले. मी पहारा काढला. आता लोक विचारतात, महाड कसं आहे? छान आहे, अवश्य जा. माझ्यापुरतं म्हणाल तर ती नळी तिथेच, सभेसमोर, खळकन फुटायला हवी होती.